खरी नक्कल

सरकारी मराठीने आपल्याला जे अनेक शब्द बहाल केले, त्यांत 'खरी नक्कल' हा शब्द मला सगळ्यांत प्रिय आहे. 'गोड कारलं' म्हटलं तर लोक हसतील, 'पांढरा कोळसा' म्हटलं तर डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता देतील. पण 'खरी नक्कल' या शब्दाला कुणी हसल्याचं मी पाहिलेलं नाही. उलट तो शिक्का कागदावर उमटला की 'थँक्यू काका' म्हणून दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत जाणारी मुलं मात्र पुष्कळ पाहिली आहेत.

हा शिक्का मारण्याचा अधिकार मला नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मिळाला. राजपत्रित झाल्यावर माणसाला केबिन मिळते, असा माझ्या सासुरवाडीचा समज होता. मला मिळाली ती हिरव्या शाईची बाटली. त्यानंतर दर रविवारी सकाळी भाईंदरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दारात दहावी-बारावीच्या झेरॉक्स घेतलेल्या मुलांची रांग लागू लागली. मी लुंगीवर असलो तरी आतून शर्ट चढवून यायचो आणि भारदस्त आवाजात विचारायचो, "मूळ प्रत आणलीय?" मूळ प्रत पाहिल्याशिवाय मी कधीही सही केली नाही. एकदा एका पोराने झेरॉक्सची झेरॉक्स आणून पहिली झेरॉक्स हीच मूळ प्रत म्हणून पुढे केली. त्यालाही परत पाठवला. तो आता नगरसेवकाच्या कचेरीत बसतो आणि मला पाहिलं की हसतो.

पुढे २०१५ साली स्वसाक्षांकन आलं. म्हणजे ज्याची त्याने नक्कल करायची आणि ज्याची त्यानेच ती खरी म्हणायची. माझी रविवारची घंटी बंद पडली. शिक्का कपाटाच्या खणात, पाकीटबंद नाड्या आणि जुन्या चष्म्यांच्या शेजारी जाऊन पडला. तो पुन्हा बाहेर काढायची वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं; आणि आली तीही एका थर्माकोलच्या चाळीसाठी.

ही हकीकत सांगायची तर आधी आमच्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं सांगायला हवं. अण्णा रेल्वेत ट्रेसर होते. साहेबाने काढलेल्या नकाशावर ट्रेसिंग कापड टाकायचं आणि रेघ न् रेघ शाईने उतरवून काढायची, हे त्यांचं काम. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या रेघा गिरवल्या. एकंदरीत आमचं घराणं नकलाकारांचंच. अण्णांनी नकला केल्या आणि मी त्या खऱ्या असल्याचं लिहून दिलं.

मात्र वर्षातून एकदा, श्रावण लागला की अण्णांच्या बोटांना स्वतःच्या रेघा सुचायच्या. गणपतीचं मखर. गिरगावात आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत थर्माकोलच्या शीटा यायच्या, ट्रान्सफॉर्मरला जोडलेली तार लाल व्हायची, तो करपट वास सुटायचा, आणि आई म्हणायची, "मेलं, देव यायच्या आधी घर जळायचं." कधी मयूरासन, कधी रथ, एकदा तर व्हिक्टोरिया टर्मिनस. विसर्जन झालं की मखर मोडून कचऱ्यात. अण्णांना त्याचं काहीच वाटायचं नाही. "देव बुडवतो आपण, आणि मखराला रडायचं?" हा त्यांचा सवाल असे.

१९८७ साली आम्ही भाईंदरला आलो. त्या काळी 'भाईंदरला राहायला गेलो' असं सांगितलं की नातेवाईक सांत्वनाला आल्यासारखे हात हातात घ्यायचे. नगरपालिका होऊन दोन वर्षं झालेली, सगळीकडे मिठागरं, पाण्याला टँकर आणि विरार गाडीत शिरलं तर भाईंदरला उतरू देतील याची खात्री नाही. (महानगरपालिका व्हायला पुढे २००२ साल उजाडलं. गाडीच्या बाबतीत मात्र अजून काही ठराव झालेला नाही.) त्या पहिल्या गणपतीला अण्णांनी जे मखर केलं, ते म्हणजे आमची सोडून आलेली चाळ. चार फूट लांब, तीन फूट उंच. मधे चौक, त्यात गणपती. तिन्ही बाजूंनी तीन मजले, लाकडी कठडे, दोऱ्यांवर वाळत घातलेले चिंध्यांचे कपडे, नळ, जिन्याखालची सायकल. औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांची पाण्याची पिंपं. विसर्जनानंतर अण्णा नेहमीप्रमाणे सुरी घेऊन मोडायला बसले, तर आई आडवी आली. "चाळ मोडायची नाही," म्हणाली. झालं. चाळ माळ्यावर गेली.

तेव्हापासून दर वर्षी ती माळ्यावरून उतरायची, पाच दिवस चौकात गणपती बसवायची आणि पुन्हा जुन्या चादरीत गुंडाळून वर जायची. २००९ साली आई गेली. २०११ साली गिरगावातली खरी चाळ पाडली; तिथे आता टॉवर आहे आणि त्याच्या वॉचमनने मला आत जाऊ दिलं नाही. म्हणजे हिशेब असा की मूळ प्रत नष्ट झालेली, आणि जगात शिल्लक फक्त अण्णांची नक्कल.

आणि ती नक्कलही झिजत चाललेली. थर्माकोल हा अठ्ठ्याण्णव टक्के हवा असलेला पदार्थ आहे. इतकी हवा असूनही टिकणारी वस्तू म्हणजे फक्त आमच्या सोसायटीची वार्षिक सभा. चाळ उन्हाने पिवळी पडली, कडा भुसभुशीत झाल्या. २०२३ च्या गणपतीत आरतीच्या टाळ्यांनी पहिल्या मजल्याचा कठडा प्रसादात कोसळला आणि आमच्या एका मावसभावाने साबुदाणा समजून त्यातले चार दाणे खाल्ले. वर "जरा कच्चा राहिलाय" असंही म्हणाला.

त्यात २०१८ पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीला बंदी. त्या वर्षी मखरवाल्यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली होती, पण सवलत मिळाली नाही. बंदी योग्यच होती. भाईंदरच्या खाडीत तरंगणारी मखरं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पण त्यामुळे झालं असं, की तेहतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाच्या माळ्यावर एक फरारी लपलेला. सोसायटीचे सेक्रेटरी दर्शनाला आले की मी चाळीसमोर उभा राहून त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायचो. दुरुस्ती करावी तर शीट मिळत नाही, आणि चोरून आणावी तर राजपत्रित हात थरथरतात.

अशा वेळी आमच्या कन्येने यात लक्ष घातलं. ही मुलगी वस्तुसंग्रहालयशास्त्र शिकली आहे. त्याचा उपयोग काय, हा प्रश्न तिच्या लग्नाच्या वेळी तीन स्थळांनी विचारला होता. मलाही तेव्हा उत्तर देता आलं नाही. तिने माळ्यावर चढून बॅटरी मारली आणि किंचाळली. मला वाटलं पाल. पण तिला दिसल्या होत्या डांबराच्या गोळ्या. झुरळं लागू नयेत म्हणून दर वर्षी मी चार गोळ्या चादरीत टाकत असे.

"बाबा, नॅफ्थलिनने थर्माकोल विरघळतो!"

खरंच, डाव्या बाजूच्या दोन खोल्या नाहीशा झाल्या होत्या. मी इतकी वर्षं ज्याला संरक्षण म्हणत होतो, ते पुनर्विकासाचं काम करत होतं.

मग तिने मला जे ज्ञान दिलं त्यावरून कळलं की या दुखण्याने आम्हीच आजारी नाही. जगातली मोठमोठी संग्रहालयं अंथरुणाला खिळली आहेत. जुने लोक दगडात आणि काशात काम करत, त्यामुळे त्यांचं दोन हजार वर्षं चाललं. विसाव्या शतकातल्या कलावंतांनी प्लॅस्टिक, रबर, फोम, मिळेल ते उचललं. नाऊम गाबो नावाच्या रशियात जन्मलेल्या मोठ्या शिल्पकाराने १९२०-३० च्या सुमारास सेल्युलॉइडसारख्या पातळ पारदर्शक प्लॅस्टिकची शिल्पं केली. काचेसारखी हलकी, नाजूक. पुढे त्यातली काही पिवळी पडली, वाकली, तडकली, स्वतःच्याच अंगातून आंबट वाफा सोडत त्या वाफांनीच अधिक खराब झाली. कपाटात नीट बंद करून ठेवावं तर वाफ कोंडते. उघडं ठेवावं तर धूळ बसते. याला त्या शास्त्रात 'अंगभूत दोष' म्हणतात. म्हणजे कुणी पाडलं नाही, फोडलं नाही, वस्तूचा स्वभावच तसा. ही व्याख्या ऐकून माझ्या डोळ्यांपुढे माझ्याकडचे आणि हिच्याकडचे मिळून पाच-सहा नातेवाईक उभे राहिले.

२००७ च्या ऑक्टोबरात लंडनच्या टेट संग्रहालयाने या विषयावर जगभरच्या जाणकारांना बोलावून दोन दिवस खल केला: मूळ शिल्प मरणार हे नक्की असेल, तर ते आहे तोवर मापं घेऊन त्याची प्रतिकृती करावी का? केली तर प्रदर्शनात काय मांडायचं? आणि प्रतिकृतीला म्हणायचं काय?

हे मी जेवताना हिला सांगितलं. ही भाकरी थापत होती. वळून न बघता म्हणाली, "त्यात दोन दिवस काय बोलायचं? माझं मंगळसूत्र कुठाय?"

हिचं मूळ मंगळसूत्र बँकेच्या लॉकरमध्ये असतं. विरार गाडीतल्या एका संध्याकाळनंतर हिने गळ्यात इमिटेशनचं घातलं, त्याला वीस वर्षं झाली. खऱ्या मंगळसूत्राला ती वर्षातून एकदा, दिवाळीआधी, भेटून येते. आमच्याकडच्या लग्नांत आता असं दृश्य असतं, की सगळे मूळ दागिने आपापल्या बँकांत स्वस्थ पडलेले आणि त्यांच्या नकला पंगतीत श्रीखंड खाताहेत. "आणि देवाचं तरी काय?" ही पुढे म्हणाली. "कोल्हापूरला अंबाबाईच्या मूळ मूर्तीवर अभिषेक करतात का आता? उत्सवमूर्तीवर करतात. मूळ मूर्ती झिजते म्हणून."

मी गप्प बसलो. टेटने हिला बोलावलं असतं तर एक दिवस वाचला असता.

कन्येने सांगितलेल्या गोष्टींतल्या दोन माझ्या मनातून जात नाहीत. एक त्या डेमियन हर्स्टची. या गृहस्थाने १९९१ साली एक आख्खा टायगर शार्क, म्हणजे आपल्या मुशीचा थोरला भाऊ, फॉर्मल्डिहाइडच्या काचेच्या टाकीत ठेवला आणि ती कलाकृती म्हणून गाजली. पण मासा नीट मुरला नव्हता. पाणी गढूळ झालं, कातडीला सुरकुत्या पडल्या. १९९३ साली कातडं सोलून फायबरग्लासच्या साच्यावर चढवून पाहिलं, ते शोभेना. शेवटी २००६ साली दुसरा मासा आणून टाकला. आता ही कलाकृती तीच की दुसरी, यावर विद्वान भांडतात. भाईंदरहून उत्तनला जाणारी बस पकडली असती तर हा सगळा खर्च वाचला असता. तिथल्या कोळणी मासळी टिकवण्याच्या शास्त्रात कुणाला हार जाणार नाहीत. किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले असतात, त्यांची कुठे चर्चासत्रं होत नाहीत.

दुसरी गोष्ट एव्हा हेस या बाईंची. अमेरिकेत राहणाऱ्या, लॅटेक्स रबराची आणि फायबरग्लासची शिल्पं करणाऱ्या. १९७० साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारल्या. रबर फार टिकणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि कुणी शिल्प विकत घ्यायला आलं की त्यांना थोडं अपराध्यासारखं वाटे. घेणाऱ्याला पत्र लिहून कळवावं असं वाटे, की बाबा रे, हे टिकायचं नाही. मी भाईंदरमध्ये अडतीस वर्षं राहतो. इथे चार बिल्डरांशी माझा संबंध आला. असं पत्र लिहावंसं वाटलेला एकही मला भेटला नाही.

तर ठरलं असं, की अण्णांच्या चाळीची प्रतिकृती करायची. पुठ्ठ्याची. मूळ चाळ अंधारात, गोळ्यांशिवाय, खोक्यात विश्रांती घेईल; गणपती प्रतिकृतीत बसेल. मला फार हायसं वाटलं. "एकदा नक्कल झाली की काळजी नाही," असं मी म्हणालो, तर कन्येने लगेच अजिंठा काढला. कंपनी सरकारच्या काळात मेजर रॉबर्ट गिल नावाच्या अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहून तिथल्या भित्तिचित्रांच्या मोठ्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्स साहेबांनी विद्यार्थी नेऊन १८७२ ते १८८५ पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही पुष्कळ १८८५ साली लंडनलाच जळाल्या. चित्रं आपली गुहेतच राहिली. म्हणजे नकलेलाही अंगभूत दोष असतो, आणि लंडनला पाठवणं हा त्यातला मुख्य.

कामाला लागण्यापूर्वी एक नियम पाळावा लागतो. कलावंत हयात असेल तर त्याची मुलाखत घ्यायची. कन्येने छापील प्रश्नावली आणली. अण्णा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. आरामखुर्चीत बसून पेपरचं शब्दकोडं सोडवत होते. तिने समोर मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवला.

"आजोबा, या कलाकृतीत तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं?"

"गणपती."

"तो सोडून."

"तो सोडून कशाला करू मखर?"

"बरं, कलाकृती नष्ट झाली तर तुम्हाला काय वाटेल?"

"काही नाही. दुसरं करायचं. मखर दहा दिवसांचं असतं. तुझ्या आजीने हट्ट केला म्हणून हे धूड राहिलं."

"प्रतिकृती पांढरी करायची की आता झालीय तशी पिवळी?"

हा प्रश्न म्हणे फार कठीण असतो. वस्तू जन्मली तशी दाखवायची की म्हातारी झाली तशी, यावर संग्रहालयांत तट पडतात. अण्णा पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, "चाळ कधी पांढरी होती? पिवळीच होती. रंगाला पैसे नव्हते म्हणून मी पांढरी ठेवली. आता बरोबर रंग आलाय. पिवळीच करा."

आठवडाभर जेवणाच्या टेबलावर जेवण बंद होतं. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, मापपट्टी, कटर, फेविकॉल. कन्या मोजायची, मी टिपून घ्यायचो. पस्तीस-छत्तीस वर्षं मी त्या मखरासमोर आरती म्हटली. पण ते पाहिलं ते पहिल्यांदा त्या आठवड्यात. नळाखालच्या बादलीला कडी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांच्या दारावर पाटी होती. जिन्याची चौथी पायरी मोडकी होती, आणि खऱ्या चाळीतली चौथी पायरी मोडकी होती हे मला तेव्हा आठवलं. माझा पाय त्या पायरीवरून पुन्हा एकदा सावधपणे पुढे गेला.

"बाबा, प्रत्येक मजल्यावर दारं किती?"

"दहा."

"दुसऱ्या मजल्यावर नऊच आहेत."

"गोळ्यांनी खाल्लं असेल."

"नाही, गोळ्यांनी पहिल्या मजल्यावरचं खाल्लंय. इथे दार कापलेलंच नाही. नुसती भिंत आहे. पुढे पिंप आहे, पण दार नाही."

मी चष्मा पुसून पाहिलं. दुसरा मजला आमचा. जिन्यापासून सातवं दार आमचं. त्याच्या पलीकडे आठवं दार हवं, तिथे सपाट भिंत. आठवं दार बापूंचं होतं.

बापू म्हणजे अण्णांचे जानी दोस्त. दोघं एकाच गाडीने जायचे, एकाच पानवाल्याकडे थांबायचे, रात्री गॅलरीत कॅरम मांडायचे. मग १९८५ साली बापूंनी पाण्याचं एक जादा पिंप आणून आपल्या आणि आमच्या दाराच्या मधोमध ठेवलं. अण्णा म्हणाले, येण्याजाण्याची वाट अडते. बापू म्हणाले, गॅलरी तुझ्या बापाची नाही. दोघांचे वडील केव्हाच वारले होते, पण तिथून बोलणं बंद झालं. चाळीत भांडणं रोजच व्हायची आणि गणपतीत मिटायची. हे दोन गणपती उलटून गेले तरी मिटलं नाही.

आता पेच आला. कन्या म्हणाली, प्रतिकृती मुळाबरहुकूम हवी. कलावंताची चूक आपण दुरुस्त करायची नसते. मी म्हणालो, ही चूक नाही. पण चाळीला तीस दारं होती हेही खोटं नाही. आपण नक्कल कशाची करतोय, मखराची की चाळीची? मूळ प्रत कुठली, हा माझ्या खात्याचा प्रश्न. तेहतीस वर्षांत तो मला इतका अवघड कधी गेला नव्हता.

शेवटी दोघं अण्णांकडे गेलो. मी आठव्या दाराचं विचारलं. अण्णांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मशीन कानात होतं. त्याचा हिरवा दिवाही लागलेला होता. मग म्हणाले, "चहा टाकायला सांग."

चहा झाला, जेवण झालं, रात्र झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना अण्णा मागे येऊन उभे राहिले आणि आरशातल्या माझ्याशी बोलू लागले.

"आपण निघालो त्या दिवशी टेम्पोपाशी सगळी चाळ उतरली होती. मास्तर उतरले. वरची म्हातारी उतरली, तिला तर धड चालता येत नव्हतं. बापूचं दार बंद. मी टेम्पोत बसेपर्यंत वर बघत होतो. बंदच ठेवायचं तर दार हवं कशाला? म्हणून नाही केलं."

मी साबण लावलेला तसाच.

"शहाण्णव साली तो गेला. मी गेलो नाही. तुझ्या आईला म्हटलं, भाईंदरहून गिरगाव लांब पडतं."

हे मला आठवत होतं. म्हणजे लांब पडण्याचं कारण नव्हे. त्याच आठवड्यात नव्या कवळीसाठी अण्णा दोनदा गिरगावात जाऊन आले होते, ते. मी काही बोललो नाही. अण्णाही आंघोळीला गेले.

दुपारी ते टेबलापाशी आले. कन्येने मांडून ठेवलेला दुसरा मजला त्यांनी पुढे ओढला, पेन्सिलीने एक चौकट आखली आणि कटर मागितलं. त्यांचा हात आता कापतो. चहाची बशीही वाजते. मी म्हणालो, "अण्णा, मी कापतो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा चौथीत गेलो. पाच मिनिटं लागली. तीन बाजू कापल्या, चौथी ठेवली आणि पुठ्ठ्याचं दार बोटाने आत ढकललं. ते अर्धवट उघडं राहिलं. बाकीची एकोणतीस दारं कन्येने मापपट्टीवर कापलेली, ओळंब्यात. हे एक वरून डावीकडे कललेलं.

कन्येची फार पंचाईत झाली. तिच्या शास्त्राप्रमाणे प्रतिकृतीवर स्पष्ट खूण करावी लागते, नाहीतर पुढच्या पिढ्या तिलाच मूळ समजायच्या. त्यासाठी तर मी शिक्का शोधून, पॅडवर नवी शाई ओतून तयार होतो. पण आता हे मुळाबरहुकूम राहिलं नव्हतं. मुळात एकोणतीस दारं, नकलेत तीस. असल्या प्रतीवर मी आजवर शिक्का मारलेला नाही. ती म्हणाली, गाबोसुद्धा आपल्या जुन्या शिल्पांच्या नव्या आवृत्त्या स्वतःच करायचे, तेव्हा याला कलावंताची सुधारित आवृत्ती म्हणता येईल. आमच्या खात्यात सुधारित आवृत्तीचा शिक्का नव्हता. शेवटी मागच्या बाजूला तिने पेन्सिलीने '२०२४, पुठ्ठा' एवढंच लिहिलं.

गणपतीत लोक आले. कुणाला काही फरक कळला नाही. मावसभाऊ प्रसाद फार निरखून खाताना दिसला. सेक्रेटरींना मी स्वतः हाताला धरून मखरापर्यंत नेलं आणि "पुठ्ठा आहे, हात लावून बघा" म्हणून तीनदा सांगितलं. त्यांना माझ्या प्रकृतीची काळजी वाटली असावी.

पहिल्या दिवशीची आरती झाल्यावर सगळे पानांवर बसले तेव्हा अण्णा अजून मखरापाशीच उभे होते. मला वाटलं नमस्कार करताहेत. जवळ गेलो, तर त्यांनी दुसऱ्या मजल्यावर बोट घातलं होतं. आठव्या दारापुढचं पिंप त्यांनी नखाने हळूच सरकवलं, सातव्या दारापुढे, म्हणजे आमच्या दारात आणून ठेवलं आणि फेविकॉल सुकलेला नाही म्हणून बराच वेळ तसंच दाबून धरलं.